गेळाची डहाळी

म्हैस मेली म्हणून सुनंदा माहेरी निघाली, आणि मासे मिळतील म्हणून मी तिच्या मागे लागले. ऐकायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच. हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझी खोड ठाऊक आहे. किल्ले, धबधबे, सूर्यास्त यांच्यासाठी मी घर सोडत नाही. मी जेवायला जाते आणि जाता जाता जे दिसेल ते लिहिते.

सुनंदा माझी हडपसरची शेजारीण, पेशाने नर्स. तिचं माहेर खालापूर तालुक्यात, कुंभिवलीपासून थोडं आत. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, का ते पुढे कळेल. गेली कितीतरी वर्षं ती मला तिथल्या कोंडीबद्दल सांगत आलीय. कोंड म्हणजे ओढ्यातला खोल डोह. त्यातले मळ्ये, वाम असले मासे, खेकडे. जवळच्या कातकरी वाडीवरचा काळूदादा ते पकडून दारात आणून द्यायचा आणि तिची आई नुसतं तिखट, मीठ, चिंच लावून तव्यावर टाकायची. हे वर्णन ती एवढं रंगवून करायची, की मी मनातल्या मनात ते मासे अनेकदा जेवले आहे.

या वेळी मात्र ती म्हणाली, "अगं, आता तिकडे मासे नाहीत." मला वाटलं टाळतेय. म्हशीच्या दुःखात पाहुणी कशाला, असं वाटलं असेल. मी पिशवी भरली आणि निघाले.

स्वारगेटहून जुन्या हायवेने जाणारी एसटी घ्या. पनवेल, अलिबाग, कुठलीही चालेल, फक्त घाट उतरून खोपोलीत थांबते का ते आधी विचारा. एक्स्प्रेसवेची गाडी तुम्हाला तिसरीकडेच नेऊन सोडेल. डाव्या खिडकीत बसा. लोणावळ्याला चिक्कीवाले चढतात, त्यांना नाही म्हणायला शिका. बोरघाट उतरताना उन्हाळ्याच्या तोंडावरचे वाळलेले डोंगर, मधूनच एखादा पेटलेला पळस, आणि खाली खोपोली. मी खिडकी उघडून बसले होते. शेवटच्या वळणानंतर सुनंदा पुढे वाकली आणि तिने ती बंद केली.

खाली एक थर होता. धुकं म्हणावं तर ऊन चांगलं वर आलेलं. मळक्या पाण्यात दूध ओतल्यासारखा त्याचा रंग, आणि त्यातून कारखान्यांच्या चिमण्या, टाक्या आणि इमारतींचे वरचे मजले दिसत होते.

खोपोलीच्या शिळफाट्याला उतरलो. तिथला वडापाव चांगला आहे, चहा कडक मिळतो, पण मी दोन्ही अर्धे टाकले. घशात काहीतरी खरवडत होतं. गंज, जळकं रबर आणि कुजलेली अंडी एकत्र केली तर जो वास येईल, तो. शेअर रिक्षा इथूनच मिळतात. पाठीमागे तिघं आणि पुढे दोघं बसल्याशिवाय हलत नाहीत, माणशी वीस-तीस रुपये घेतात. मी नाकाला रुमाल लावला तसा रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "पाच मिन्टं लावा ताई, मंग वासच येत नाय."

खरं सांगते, तसंच झालं. थोड्या वेळाने वास यायचा थांबला. म्हणजे हवा सुधारली नव्हती, माझ्या नाकाने हार मानली होती. जन्मापासून इथे राहणाऱ्याचं नाक कुठल्या वासाला सावध होत असेल, हा विचार तेव्हा मनात आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला.

सुनंदाच्या घरी दारावर पंचशीलाचा झेंडा, अंगणात आंबा, आंब्याखाली रिकामा खुंटा. आंब्याच्या पानांवरून मी सहज बोट फिरवलं तर बोट काळं झालं. सुनंदाचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, अंगणातच बसले होते. सत्तरीचे, काटक, बोलायला कमी. गावातले लोक घर सोडून सरकारी नोकरीत गेले, मुंबईला गेले. तात्यांनी थोडी भातशेती आणि एक म्हैस धरून ठेवली होती. चंद्री तिचं नाव. मुलगा जवळच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे, तो पाळीवर गेला होता.

रात्री वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. सुनंदाच्या वहिनीच्या हाताला चव आहे, मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मग न राहवून विचारलं, कोंडीचे मासे उद्या मिळतील का. वहिनी भांडी उचलायला उठली. तात्या म्हणाले, "उद्या सुनंदा दाखवंल कोंड," आणि हात धुवायला गेले.

सकाळी आम्ही दोघी कोंडीवर गेलो. गावाच्या मागून पाऊलवाट आहे, चालायला सोपी, चपला घालून जाऊ नका, बूट घाला. वाटेत करवंदीच्या जाळ्या, फुललेल्या. जिथे ओढ्याचा आवाज यायला हवा तिथे तो आला, पण पाण्याचा वास आला नाही. वाहत्या पाण्याला एक वास असतो, ओल्या दगडाचा. इथे फिनाइलसारखं काहीतरी होतं.

कोंड देखणी आहे, हे लिहिताना मला राग येतोय. काळ्या कातळाची मोठी वाटी, एका बाजूला उंबर, दुसऱ्या बाजूला गुरांना उतरायला वाळूचा उतार. मध्ये तपकिरी पाणी, कडेला पिवळट फेस, आणि कातळावर पाण्याच्या रेषेत तांबूस पट्टा. बगळा नाही, बेडूक नाही. पाण्यावर एरवी त्या लांब पायांच्या माशा पळतात ना, त्याही नाहीत. मी वाकून हात घालणार होते. सुनंदाने माझं मनगट धरलं.

"हात नको घालू ताई," मागून कोणीतरी म्हणालं.

डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई उभी होती. ही मंजी, काळूदादाची बायको. तिने मोळी खाली ठेवली, सुनंदाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "बरं झालं आलीस गं. तुझ्या दादाचं हात बघ जरा."

वाडी तिथून चढणीवर आहे. कातकऱ्यांची आठ-दहा घरं, कुडाच्या भिंती, काहींवर पत्रे. काळूदादा दारात बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. कोपरापर्यंत कातडी सोलवटली होती, काही ठिकाणी नवी गुलाबी आली होती, काही ठिकाणी ओली. सुनंदाने माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली मागून घेतली, त्याचे हात धुतले, स्वतःजवळचं मलम लावलं, आणि लावता लावता एकेक विचारत गेली. ते सगळं मी माझ्या शब्दांत सांगते.

या भागात गेळ नावाचं काटेरी झाड होतं. त्याची फळं कुटून साचलेल्या पाण्यात टाकली की मासे झिंगतात, पोट वर करून तरंगतात, मग हाताने वेचायचे. वाडीवरचे लोक उन्हाळ्यात असेच मासे धरत आले आहेत. मासा मरत नाही, चांगल्या पाण्यात टाकला तर घटकाभराने शुद्धीवर येतो. यात दोन रिवाज आहेत. पहिला, वरच्या वाडीने गेळ टाकला आणि झिंगलेले मासे वाहत खाली आले, तर ते खालच्या वाडीचे. विचारायला जायचं नाही, विचारलं तर हिशेब मागितल्यासारखं होतं. दुसरा, ज्याच्या लक्षात येईल त्याने गुरं उतरतात तिथे गेळाची डहाळी रोवायची. डहाळी दिसली की गुराखी त्या दिवशी जनावरं दुसरीकडे नेतात. गेळाच्या पाण्याने म्हैस मरत नाही, पण दूध आटतं.

त्या दिवशी सकाळी काळूदादा कोंडीवर गेला तर मासे पाण्यावर तोंड उघडून तरंगत होते. त्याचा साडू वरच्या वाडीत राहतो. साडूने गेळ टाकला, असं त्याने धरलं. दुसरं काही धरायचं कारणच नव्हतं. पाण्याला वास होता, पण वास इथे रोजच असतो. त्याने टोपली भरली. आणि निघताना, शहाण्या माणसाने करावं तसं, गेळाची एक डहाळी तोडून वाळूत रोवली.

घरी मंजीने मासे स्वच्छ पाण्याच्या हंड्यात सोडले. हे ती नेहमीच करते, जागे झालेले मासे ताजे राहतात. ती बराच वेळ हंड्यात बघत बसली. मासे जागे झाले नाहीत. उलट त्यांचे डोळे पांढरे होत गेले. तोवर काळूदादाचे हात चुरचुरायला लागले होते.

"मंग मला समाजलं, ह्यो गेळ न्हवं," काळूदादा म्हणाला. "मी पळत सुटलो खाली."

त्याला उशीर झाला होता. तात्यांना त्या दिवशी ताप होता, त्यांनी चंद्रीला नुसतीच मोकळी सोडली होती. वाट तिच्या पायाखालची. ती उतारावरून गेली, डहाळीच्या शेजारून, आणि पोटभर प्यायली. तात्यांना निरोप द्यायलाही काळूदादाच गेला.

म्हैस मेली, मासे मेले, दोन दिवस गावात दुर्गंधी. लोक कोंडीवर बघायला गेले तर वाळूत गेळाची डहाळी उभी. कातकऱ्यांनी औषध टाकलं, गाव एका सुरात म्हणालं. आता वाडीवाल्यांना कोंडीची वाट बंद करायची असं चाललं होतं. वाडीला नळ नाही. कोंडीच्या कडेला ते वाळूत खड्डा खणून झऱ्याचं पाणी भरतात, मासे धरतात, शेळ्या उतरवतात. वाट बंद झाली तर पावसापर्यंत त्यांनी काय करायचं, हा साधा प्रश्न होता. त्याची बैठक त्याच दुपारी होती.

मी काळूदादाला विचारलं, डहाळी तुम्ही लावली हे नाकबूल का करत नाही. कोणी पाहिलं तर नव्हतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी घाणेरडं बोललेय.

"लावली ती लावलीच ना, ताई. नायतर गुरं उतरली असती सगळी."

दुपारी जेवताना सुनंदाने विषय काढला. वरच्या अंगाला कारखाने आहेत. कोणाचं पाणी आलं ते मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं मी लिहिणार नाही. पण गेळाने माणसाची कातडी सोलवटत नाही, एवढं नर्सला कळतं. तात्यांनाही कळत होतं. ते भात कालवत म्हणाले, "गेळानं म्हस मरत नाय. आमी पोरं असताना आमच्या म्हशी कितीदा प्यायल्या. दोन दिस दूध नाय द्यायच्या, बस." आम्ही दोघी एकदमच थांबलो. सुनंदा म्हणाली, मग हे तुम्हीच सांगा की बैठकीत, म्हैस तुमची होती, तुमचं ऐकतील. तात्यांनी ताटातला भात संपवला, बोटाने ताट निपटलं आणि उठले. मी त्याला होकार समजले.

बैठक शाळेच्या पडवीत. गावातले पन्नासेक पुरुष, कडेला काही बाया, आणि अंगणात उन्हात वाडीवरचे पाच-सहा जण. पडवीत जागा होती, पण त्यांना कोणी वर बोलावलं नाही आणि तेही आले नाहीत. बैठक चालवत होते ते गावातले एक पुढारी, जे कंपन्यांना टेंपो आणि कंत्राटी माणसं पुरवतात. माणूस गोड बोलणारा, मला त्यांनी खुर्ची दिली. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती डहाळी होती, वाळून काडी झालेली.

"काळू, ही कोनी लावली?"

"मीच लावली."

पडवीत हसू पसरलं. काळूदादाने हात पुढे केले होते, उताणे, मलम चकाकत होतं. पहिल्या रांगेतल्या माणसांना ते दिसत नसणं शक्य नव्हतं. त्यांनी माना फिरवल्या आणि डहाळीकडे बघितलं.

सुनंदा उभी राहिली. भाजल्यासारख्या जखमा कशाने होतात, पाण्याचा नमुना कुठे द्यायचा, हे तिने नीट सांगितलं. कोणीतरी मागून म्हणालं, तू आता पुण्याची, दोन दिवसांनी जाशील. आणखी कोणी म्हणालं, कंपन्या बंद झाल्या तर पगार तू देणार का. मला तिथे फार लाज वाटली, कशाची ते अजून धड सांगता येत नाही. खुर्चीत बसले होते म्हणूनही असेल.

मग पुढारी तात्यांकडे वळले. "तात्या, म्हस तुमची गेली. तुमी सांगा. डहाळी व्हती का नाय?"

तात्या उठले. मी सुनंदाच्या हातावर हात ठेवला. तात्यांनी अंगणातल्या काळूदादाकडे बघितलं, लहानपणापासून ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

"व्हती," म्हणाले, आणि खाली बसले.

बस, एवढंच. त्यापुढे ठरायला वेळ लागला नाही. पाऊस पडेपर्यंत वाडीच्या कोणी कोंडीवर यायचं नाही, शेळ्याही नाहीत. काळूदादाने भांडण केलं नाही. गाव उठायला लागलं तेव्हा त्याने हात खाली घेतले आणि पुढाऱ्यांना विचारलं, अगदी कामाचं विचारावं तसं:

"मंग डहाळी कोन लावंल?"

बहुतेकांना त्याने काय विचारलं तेच कळलं नसावं. तात्यांना कळलं होतं. ते चपला शोधत राहिले, त्या त्यांच्या पायातच होत्या.

त्या संध्याकाळी तात्या अंगणात रिकाम्या खुंट्याशेजारी बसून होते. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "पोरगा कंपनीत हाय, बाय." मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि आत आले. मला त्यांचा संताप आला होता. आणि त्या मुलाच्या पगारावर शिजलेलं बिरडं मी तीन भाकऱ्यांबरोबर खाल्लं होतं, तेही आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच परतले, सुनंदा मागे राहिली. पुण्याला जायला मी कर्जतचा रस्ता धरला. हायवेला येऊन चौक फाट्यापर्यंत शेअर रिक्षा, तिथून कर्जतला एसटी किंवा परत रिक्षा. चौकला ढाबे आणि गॅरेजं एकमेकांना चिकटून आहेत, मिसळ मिळते, तर्री वेगळी मागा. मी चहावर भागवलं. कर्जतच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना फार्महाऊसचे फलक सुरू होतात. शुद्ध हवा. नदीकिनारी स्वतःचं घर. एका फलकावर खळाळता ओढा, काळा कातळ आणि ओंजळीने पाणी पिणारी बाई होती. रिक्षातला एकजण मला कौतुकाने सांगत होता की मुंबईची माणसं शनिवार-रविवारी इथे येतात, फक्त श्वास घ्यायला. कर्जत स्टेशनवर पुण्याकडच्या सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळ बघून जा. फलाटावरचा वडा गरम होता आणि तो मात्र मी पूर्ण खाल्ला.

घरी येऊन सगळे कपडे धुतले. रुमाल दोनदा धुवूनही राखाडी राहिला, टाकून दिला. हा लेख तेव्हाच लिहायला घेतला होता, पण शेवट सुचेना. तिकडे जा म्हणून सांगू की जाऊ नका म्हणून सांगू, तेही ठरेना. अजूनही ठरलेलं नाही. जाल तर पाणी घरून न्या आणि मासे मागू नका.

मग काही आठवड्यांनी सुनंदाचा माहेराहून फोन आला. नमुना तिने दिलाय, उत्तर आलेलं नाही. काळूदादा आणि मंजी वाडी सोडून पेणकडे वीटभट्टीवर गेले. पाण्याशिवाय किती दिवस काढणार. हात पुरते बरे झाले नव्हते. आणि कोंडीत परत तसंच पाणी आलं, या वेळी लालसर.

मी विचारलं, किती गुरं गेली.

"एकही नाही," ती म्हणाली. "डहाळी होती ना."

मला क्षणभर वाटलं, काळूदादा परत आला. पण तो नव्हता आला. तात्या रोज पहाटे, गाव उठायच्या आधी, कोंडीवर जातात. पाणी बघतात, हुंगतात. काही वेगळं वाटलं तर गेळाची डहाळी तोडून वाळूत रोवतात आणि कोणी बघायच्या आत घरी येतात. गुराखी येतात, डहाळी बघतात, जनावरं वळवून नेतात. वाडी रिकामी झाली तरी डहाळी लागते कशी, हे गावात कोणी विचारत नाही. पुढाऱ्यांची गुरंही तिच्यामुळेच वाचली.

सुनंदाला हे कळलं ते वहिनीकडून. तिने मला विचारलं, आता तरी बोलू का गं त्यांच्याशी. मी तिला उलट विचारलं, ती मीच लावतो असं तात्यांनी कोणाला सांगितलंय का.

"नाही," ती म्हणाली.

काळूदादाने ते भर गावासमोर सांगितलं होतं, सोललेले हात पुढे करून.